तीन माणसांचा शिधा

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

*या महिन्याचा अभ्यासपाठ : कुटुंब मेळाव्याची पूर्वतयारी*



१५ मे जवळ आला. आपल्या सगळ्या कुटुंब-गटांचा मेळावा याही वर्षी त्याच दिवशी आहे, हे तुम्हाला माहीतच आहे. मंडप, माईक, पाण्याचे माठ यांची यादी वेगळी येईल. हा पाठ त्या यादीच्या आधी वाचायचा आहे. एकाने मोठ्याने वाचावा, बाकीच्यांनी ऐकावा. थोडा मोठा झाला आहे, दोन बैठकींत वाचला तरी चालेल. ज्यांच्या घरी सुनेला किंवा नातवंडांना मराठी नीट समजत नाही, त्यांनी मधे मधे कन्नडमधून सांगावा.

प्रश्न एकच आहे. आपण कुटुंबाचा उत्सव करतो म्हणजे नेमका कोणाचा उत्सव करतो? मागच्या वर्षी माझ्या हातून या बाबतीत एक चूक झाली. ती पुढे सांगणारच आहे. पण आधी थोडा अभ्यास करू.

*१. हा दिवस कुठून आला?*

१५ मे हा दिवस संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेला आहे. त्यांच्या महासभेने १९९४ हे आंतरराष्ट्रीय कुटुंब वर्ष म्हणून जाहीर केलं होतं. त्याच्या आदल्या वर्षी, १९९३ मध्ये, दर वर्षी १५ मे हा कुटुंबांसाठी पाळायचा असा ठराव झाला. २०२४ मध्ये त्या कुटुंब वर्षाला ३० वर्षं पूर्ण झाली.

यात एक बारीक गोष्ट आहे, ती मुलांना मुद्दाम दाखवा. मूळ इंग्रजी नावात वर्षाचं नाव एकवचनी आहे, 'कुटुंब'. दिवसाचं नाव मात्र अनेकवचनी आहे, 'कुटुंबं'. आपण मराठीत 'जागतिक कुटुंब दिन' म्हणतो तेव्हा ते अनेकवचन गळून पडतं. मग डोळ्यांसमोर एकच चित्र येतं: आजी-आजोबा, आई-बाबा, दोन मुलं, सगळे हसतायत. दिवसाच्या खऱ्या नावात अनेक प्रकारची कुटुंबं आहेत, आणि ती सगळी धरलेली आहेत.

आपल्या देशाची जनगणनासुद्धा कुटुंब मोजताना लग्नाचं प्रमाणपत्र मागत नाही. जी माणसं साधारणपणे एकत्र राहतात आणि एकाच स्वयंपाकघरातलं जेवतात, ते एक कुटुंब, असा तिचा हिशेब आहे. एकटंच माणूस राहत असेल तर ते एकाच माणसाचं कुटुंब म्हणून लिहिलं जातं. आपल्या म्हाताऱ्या माणसांचे शब्द यापेक्षा वेगळे नाहीत. 'एका चुलीवरचे' म्हटलं की आपल्याला कळतं. चूल आहे तिथे घर आहे. मग तिच्यावर वीस भाकरी होवोत नाहीतर दोन.

*२. आपली येळवस*

आता कोणी म्हणेल, बाहेरून आलेला दिवस आपण कशाला करायचा? करायला हरकत नाही. पण आपल्याकडे कुटुंबाचा उत्सव नव्हता, असं मात्र समजू नये. भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या भागांत, आणि पलीकडे लातूर, उदगीर, निलंग्याकडे, मार्गशीर्ष अमावास्येला आपण काय करतो? वेळ अमावास्या, म्हणजे आपली येळवस. कन्नड माणसं तिला एळ्ळ अमावास्ये म्हणतात. एळ्ळु म्हणजे तीळ.

दत्त जयंतीची पौर्णिमा झाली की पंधरा दिवसांनी हा सण येतो. आदल्या रात्री घरातल्या बायका, पुरुष, पोरंसोरं सगळे शेंगा सोलायला, भाज्या निवडायला बसतात. पहाटे भज्जी शिजते. बाजरीचे उंडे, आंबील, खीर, तिळाच्या पोळ्या होतात. सगळा संसार शेतात जातो. कडब्याच्या कोपीत पाच पांडव मांडून पूजा होते, उभ्या पिकावर आंबील शिंपडतात आणि मग पंगत बसते.

या सणाचं खरं मोठेपण पंगतीत आहे. ज्याला शेत नाही त्याला त्या दिवशी आवर्जून बोलावणं जातं. शाळेतले गुरुजी, दुकानदार, शेजारचं मुसलमान कुटुंब, भाड्याने राहायला आलेला बँकेतला पोरगा, सगळे कोणा ना कोणाच्या शेतात जेवतात. बांधावरून कोणी चाललं तर त्याला हाक मारतातच. 'या, जेवून जावा' म्हणताना त्याचं घर केवढं आहे, घरात कोण कोण आहे, हे कोणी विचारत नाही. स्वतःच्या कुटुंबाचा सण करायचा तर दुसऱ्याला आपल्या पंगतीत घ्यायचं, हे आपल्या आजी-पणजींनी न शिकवता शिकवलं.

१९५६ साली हैदराबाद राज्य मोडलं. उदगीर, अहमदपूर, निलंगा बीदर जिल्ह्यातून निघून तिकडे गेले, आपण इकडे राहिलो. कित्येक जणींचं माहेर एका राज्यात आणि सासर दुसऱ्या राज्यात झालं. पण येळवसेची बोलावणी सीमा बघून थांबली नाहीत. हे लक्षात ठेवून आता कथेकडे येऊ.

*३. कथा : भास्कराची पुरचुंडी*

ही कथा श्रीगुरुचरित्राच्या ३८ व्या अध्यायात आहे. पारायणात आपण ती किती वेळा ऐकली असेल. आज ती कुटुंब मेळाव्याचा विचार मनात ठेवून ऐकू.

श्रीगुरु नृसिंहसरस्वती गाणगापुरात होते. आपल्याच कलबुर्गी जिल्ह्यातलं अफजलपूर तालुक्यातलं हे गाव, भीमा-अमरजेचा संगम. दर्शनाला मोठमोठी माणसं यायची आणि रोज कोणी ना कोणी समाराधना घालायचं. अशात भास्कर नावाचा एक अतिशय गरीब ब्राह्मण आला. श्रीगुरूंना भिक्षा घालायची त्याची इच्छा होती. त्याच्याजवळ तीन माणसांना पुरेल एवढा शिधा होता. तो त्याने पुरचुंडीत बांधून आणला होता.

पण रोज कोणा ना कोणाची मोठी समाराधना असायचीच, त्याची पाळी यायची कुठून? लोक त्यालाही पानावर बोलवायचे. तो जेवायचा आणि रात्री पुरचुंडी उशाला घेऊन झोपायचा. असे बरेच दिवस गेले. लोक हसायला लागले. समाराधना करायला आला आणि रोज दुसऱ्याचंच जेवतो! याच्या पुरचुंडीत आहे तरी काय?

श्रीगुरूंच्या हे कानावर गेलं. त्यांनी भास्कराला बोलावून सांगितलं, आजची भिक्षा तुझी, स्वयंपाक कर. इतर मंडळींना वाटलं, आज आपल्याला घरी जेवावं लागणार. श्रीगुरूंनी त्यांनाही थांबवलं. आज सगळ्यांनी इथेच जेवायचं. लोकांनी मनाशी धरलं की मठातलं धान्य निघणार. तसं झालं नाही. भास्करालाच सगळ्यांना आमंत्रण द्यायला पाठवलं. लोकांनी त्याला टोमणे मारले, प्रत्येकाच्या वाट्याला एक शीत तरी येईल का? तो बिचारा खाली मान घालून परत आला. पण स्वयंपाक झाला. श्रीगुरूंनी आपलं वस्त्र अन्नावर झाकायला दिलं, कमंडलूतलं पाणी शिंपडलं आणि झाकण न काढता वाढायला सांगितलं.

त्या तीन माणसांच्या शिध्यात चार हजार माणसं जेवली. आधी पुरुष, मग त्यांच्या बायका-मुलं, मग गावातली बाकीची सगळी. गावात कोणी उपाशी राहू नये म्हणून बोलावणी गेली. सगळ्यात शेवटी भास्कर जेवला. तरी अन्न होतं तेवढंच उरलं होतं. ते नदीतल्या जलचरांना घातलं.

*४. कथेतून काय घ्यायचं?*

चमत्कार श्रीगुरूंचा. तो आपल्याला करता येणार नाही आणि करायचाही नाही. पण कथेत तीन गोष्टी अशा आहेत की त्या आपल्या हातात आहेत.

पहिली, भास्कर रोज पंगतीत जेवत होता. त्याला उपाशी कोणी ठेवलं नव्हतं. तरी त्याच्या मनाला समाधान नव्हतं, कारण त्याचा शिधा कोणी घेत नव्हतं. माणसाला जेवायला घालणं ही सेवा आहे. पण त्याने आणलेलं घेणं ही त्याहून मोठी सेवा आहे. आपण गरिबाला, एकट्याला, दुखावलेल्याला 'या, जेवा' म्हणतो आणि आपलं काम झालं असं समजतो. त्याच्या पुरचुंडीकडे बघत नाही.

दुसरी, श्रीगुरूंनी त्याचा शिधा बाजूला ठेवून मठातलं धान्य काढायला लावलं नाही. तसं केलं असतं तरी पंगत उठली असती, पण मान भास्कराचा राहिला नसता. शिधा तोच राहिला, तीन माणसांचा. झाकायला वस्त्र मात्र श्रीगुरूंचं. छोट्या घराची लाज झाकायची तर अशी झाकावी, त्याचं छोटेपण लोकांना मोजू न देता.

तिसरी, आमंत्रण द्यायला स्वतः भास्कर गेला. ज्याला हसत होते त्याच्याच तोंडून सगळ्यांना बोलावणं आलं. यजमानपद त्याच्याकडे दिलं.

*५. माझी चूक*

आता माझं सांगते. मागच्या वर्षी मेळाव्याच्या नोंदणीचा फॉर्म मी केला होता. त्यात रकाने होते: कुटुंबप्रमुख (पतीचे नाव), पत्नीचे नाव, मुलं, एकत्र की विभक्त. मला वाटलं, नीटनेटका फॉर्म झाला. पूजेला अकरा जोडपी बसवायची आणि त्यांनीच आरती करायची, हेही मीच सुचवलं. 'सर्वांत मोठं एकत्र कुटुंब' आणि 'आदर्श जोडपं' अशी दोन बक्षिसं ठेवली. एका घरातले चार पिढ्यांचे लोक स्टेजवर आले तेव्हा टाळ्यांनी मंडप दणाणला. फोटो सगळ्या गटांत फिरले.

त्या दिवशी आपल्यातली एक ताई सकाळपासून स्वयंपाकात होती. ती आपल्या मुलीबरोबर राहते. नवऱ्याने बऱ्याच वर्षांपूर्वी सोडलं. तिने येताना दीड किलो तूरडाळ आणली होती, आपल्या कलबुर्गीची, घरी निवडून. मी ती घेतली, 'ठेव तिथे' म्हणाले आणि दुसऱ्या कामाला लागले. डाळ आधीच शिजायला लागली होती, म्हणून तिची पिशवी कोपऱ्यात राहिली. आरतीच्या वेळी मी आतल्या बायकांना बाहेर बोलावलं. ती आली नाही. पंगत बसली तेव्हा ती निघून गेलेली होती. पिशवी दुसऱ्या दिवशी भांडी आवरताना सापडली, गाठ न सुटलेली.

मी पिशवी परत द्यायला गेले. ती काही बोलली नाही, चहा केला. पुढे दोन महिन्यांनी एकदा सहज म्हणाली, "अक्का, तुमच्या फॉर्मवर पहिल्या रकान्यात कुणाचं नाव लिहायचं ते मला कळलं नव्हतं. म्हणून आमचा फॉर्म दिलाच नाही. तुमच्या यादीत आम्ही दोघी नव्हतोच ना?"

खरंच नव्हत्या. सकाळपासून आमच्यासाठी राबणाऱ्या बाईला आणि तिच्या मुलीला मी कुटुंबांच्या यादीतून वगळलं होतं, आणि मला ते कळलंही नव्हतं. ३८ वा अध्याय मी कितीदा ऐकला असेन. पण पुरचुंडी माझ्या हातात आली तेव्हा मी ती कोपऱ्यात ठेवली.

हे मी तिची परवानगी घेऊन लिहिते आहे. ती म्हणाली, "लिहा, पण नाव नको. आणि रडकं लिहू नका."

*६. कोणाचं घर पहिलं?*

या वर्षीच्या तयारीच्या बैठकीत एका काकांनी विचारलं, बक्षिसं बंद केली तर एकत्र कुटुंबाचं कौतुक कोण करणार? आणि मोडलेल्या घरांना मान दिला तर तरुण मुलं काय शिकतील? प्रश्न प्रामाणिक होता, म्हणून त्याचं उत्तर द्यायला हवं.

एकत्र कुटुंब टिकवणं सोपं नाही. चार पिढ्या एका छताखाली ठेवायला एका सासूने किती गिळलं आणि एका सुनेने किती सोसलं, ते त्या घरालाच ठाऊक. त्याचं कौतुक आहेच. पण नंबर लावला की पहिल्याच्या मागे शेवटचा उभा राहतो. शिवाय स्टेजवरून दिलेल्या बक्षिसामुळे कोणाचं घर टिकल्याचं मी तरी पाहिलं नाही. घर टिकतं ते रोजच्या समजुतीने आणि अडचणीच्या दिवशी धावून आलेल्या चार माणसांनी.

इथे ४६ व्या अध्यायातली गोष्ट आठवावी. दिवाळी आली. सात गावांचे सात शिष्य श्रीगुरूंना आपापल्या घरी न्यायला आले. सगळेच सारखे प्रेमाचे. एकाकडे गेले तर सहा जण दुखावणार. श्रीगुरूंनी प्रत्येकाला एकेकटं घेऊन सांगितलं, तुझ्याकडे येतो, कोणाला बोलू नको. आणि आठ रूपं घेऊन ते सातही घरी गेले, मठातही राहिले. कार्तिकी पौर्णिमेला सगळे गाणगापुरात जमले. प्रत्येक जण म्हणू लागला, दिवाळीत श्रीगुरु माझ्याकडे होते. वाद झाला. प्रत्येकाने श्रीगुरूंना दिलेली वस्तू तिथे दिसली. मठातले लोक म्हणाले, अहो, ते तर इथून हललेच नाहीत.

सातही घरांना वाटलं, गुरु आमच्याकडे आले, आणि सातही जणांचं म्हणणं खरं होतं. ते कोणाकडे थोडे आणि कोणाकडे जास्त आले नव्हते. कुटुंब मेळावा म्हणजे माझ्या मते ती कार्तिकी पौर्णिमा. आपापल्या घरी गुरुकृपा कशी आली हे सांगायला एकत्र जमायचं, कोणाकडे जास्त आली याचा निवाडा करायला नव्हे.

*७. कडगंचीचं एक घर*

मुलांसाठी आणखी एक गोष्ट. आळंद तालुक्यातलं कडगंची आपल्या मुलांना केंद्रीय विद्यापीठामुळे माहीत आहे. त्याच कडगंचीचे सायंदेव हे श्रीगुरूंचे भक्त. श्रीगुरूंनी त्यांना एकट्याला ठेवून घेतलं नाही, बायको-मुलांना घेऊन यायला सांगितलं. सायंदेवांचा मुलगा नागनाथ, त्याचा देवराव, त्याचा गंगाधर आणि गंगाधरांचे पुत्र सरस्वती. या सरस्वती गंगाधरांनीच गुरुचरित्र लिहिलं. म्हणजे आपण ज्या ग्रंथाला हात जोडतो, तो एका घराने पाच पिढ्या जपलेल्या आठवणींतून आला आहे. पणजोबांनी पाहिलेलं, आजोबांनी ऐकलेलं, वडिलांनी सांगितलेलं नातवाने लिहून काढलं. आणि त्या मराठी ग्रंथात कन्नड पदंही आहेत. दोन भाषा घरात नांदणं ही आपल्याकडे आजची अडचण नाही, ती जुनी श्रीमंती आहे.

म्हणून या वर्षी मुलांना एक काम आहे. घरातल्या मोठ्या माणसांकडे बसून पाच पिढ्यांची नावं लिहून आणायची. पण एक अट आहे. फक्त वडिलांची, आजोबांची नकोत. आई, आजी, पणजी यांची नावंही हवीत. लग्न न झालेली आत्या, लहानपणी गेलेला काका, आश्रयाला राहिलेली मावशी, सगळे लिहायचे. ज्या मुलाला एका बाजूचं काहीच माहीत नसेल त्याने माहीत असलेली बाजू लिहावी. तीही पूर्णच धरली जाईल. भाषा मराठी, कन्नड, कोणतीही चालेल.

*८. या वर्षी काय बदललं आहे*

बैठकीत चर्चा होऊन पुढील गोष्टी ठरल्या आहेत. सर्वांनी सांभाळाव्यात ही विनंती.

• *नोंदणी :* फॉर्ममध्ये दोनच रकाने आहेत. घरातून निरोप कोणाला द्यायचा त्यांचं नाव आणि एका चुलीवर जेवणारी माणसं किती. उत्तर 'एक' असलं तरी ते एक कुटुंब.

• *पूजा :* जोडीने बसण्याची अट नाही. सगळ्या घरांच्या चिठ्ठ्या टाकून अकरा घरं निघतील. त्या घरातलं कोणीही एक किंवा दोघं बसतील. आजी-नात, दोन भाऊ, मायलेकी, कोणीही.

• *हळदी-कुंकू :* जमलेल्या सर्व बहिणींना, कोणालाही न वगळता. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड म्हणून गाव आहे. श्रीगुरूंची नृसिंहवाडी त्याच तालुक्यात. हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं गावात बंद. त्याच महिन्यात महाराष्ट्र सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सुचवलं. एक गाव सभा घेऊन हे ठरवू शकतं, तर आपण एका संध्याकाळसाठी नक्कीच ठरवू शकतो. ज्यांना स्वतःलाच नको वाटत असेल त्यांना आग्रह करू नये, फूल द्यावं.

• *शिधा :* प्रत्येक घराने जमेल तेवढा शिधा आणावा. मूठभर तांदूळ असेल, वाटीभर डाळ असेल, गुळाचा खडा असेल. देणाऱ्याचं नाव फळ्यावर लिहायचं नाही, माईकवर घ्यायचं नाही. आणि शिधा घेणाऱ्या सेवेकऱ्यांनी लक्ष द्यायचं: आलेली प्रत्येक गाठ त्याच दिवशी, देणाऱ्यासमोर सोडायची आणि त्यातलं पातेल्यात घालायचं. यासाठी स्वयंपाक उशिरा चढवला तरी चालेल.

• *वाढणं :* स्वयंपाक करणाऱ्या बायका पहिल्या पंगतीला बसतील. वाढायला पुरुष आणि कॉलेजची मुलं. कार्यकर्ते शेवटी, भास्करासारखे.

• *वेळ :* आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो. म्हणून कार्यक्रम संध्याकाळी पाच नंतरच. म्हाताऱ्या माणसांना आणायला आणि परत सोडायला गाड्यांची पाळी लावली आहे.

• *जे येऊ शकत नाहीत :* अंथरुणाला खिळलेल्या माणसांकडे आणि त्यांची सेवा करणाऱ्यांकडे प्रसाद त्याच रात्री जाईल. मुलांनी न्यायचा. दारातून देऊन पळायचं नाही, पाच मिनिटं बसायचं.

• *फोटो :* ज्यांना नको असेल त्यांचे काढू नयेत. कोणाच्या दुःखाची कहाणी माईकवर सांगायला लावू नये.

*९. घरी बोलण्यासाठी प्रश्न*

१) आपल्या घरात अशी कोणाची 'पुरचुंडी' आहे का, जी आपण कधी सोडून बघितलीच नाही? आजोबांचं ज्ञान, सुनेच्या माहेरची रीत, धाकट्याचं मत?

२) आपल्या गल्लीतलं एक माणसाचं किंवा दोन माणसांचं घर कोणतं? त्यांना शेवटचं बोलावणं कधी दिलं? आणि त्यांनी बोलावल्यावर आपण कधी गेलो?

३) येळवसेला आपल्या शेतात कोण कोण येतं? आपण कोणाच्या शेतात जातो?

४) गाणगापुरात माध्यान्ही भिक्षेला श्रीगुरु कोणत्याही रूपाने येतात, अशी आपली श्रद्धा आहे. म्हणून तिथे झोळी पुढे करणाऱ्याला कोणी परतवत नाही. आपल्या घराच्या उंबऱ्यावर ही श्रद्धा किती टिकते?

तिसऱ्या आणि चौथ्या प्रश्नावर मुलांना आधी बोलू द्या. मोठ्यांनी मधे बोलू नये. (हे मी स्वतःलाही सांगते आहे.)

*१०. या महिन्याचा संकल्प*

१५ मेच्या आधी प्रत्येक घराने एका अशा घरी जायचं, जिथून मागच्या वर्षी कोणी आलं नव्हतं. फोन नको, मेसेज नको. पायांनी जायचं. हळद-कुंकवाची अक्षत घेऊन जशी लग्नाची बोलावणी करतो तसं. आणि 'या' म्हणून झाल्यावर आणखी एक वाक्य बोलायचं: येताना तुमचा शिधा घेऊन या, त्याशिवाय आमचं पातेलं चढणार नाही.

मी माझं बोलावणं देऊन आले. त्या ताईने फॉर्म माझ्यासमोरच भरला. पहिल्या रकान्यात तिने मुलीचं नाव लिहिलं, कारण निरोप मुलीच्याच मोबाईलवर येतात. दुसऱ्या रकान्यात 'दोन' लिहिलं. मग उठून आतून डाळीची पिशवी आणली आणि म्हणाली, "आत्ताच घेऊन जावा अक्का, त्या दिवशी गडबडीत परत कोपऱ्यात राहील." मी नाही घेतली. म्हटलं, तूच आण. गाठ तुझ्यासमोर सोडू.

मेळाव्यात सगळे भेटूच. पाठात काही चुकलं असेल तर मोठ्यांनी सांभाळून घ्यावं आणि सांगावंही.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥ 🙏